डोंगर त्यांच्या वाट्याला, ओल तुमच्या

वाचक विचारतात:

तीन वर्षांपूर्वी आम्ही शहरातलं बिऱ्हाड आवरून डोंगरावरच्या एका लहानशा गावात राहायला आलो. यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. मी घरी बसून ऑनलाइन हिशेबाची कामं करते. मुलगी शिकायला लांब असते. गाव सुंदर आहे यात वादच नाही. सकाळी ढग अगदी खिडकीशी येतो. हे रोज पहाटे दीड-दोन तास फिरून येतात, त्यांचा रक्तदाब ताळ्यावर आलाय, पक्ष्यांच्या नोंदींची वही भरत आलीय.

माझं म्हणाल, तर कपाटं उघडली की बुरशीचा वास. चामडी चपला हिरव्या पडतात. वीज गेली की नेट जातं आणि ऐन कामाच्या वेळी मी हातावर हात ठेवून बसते. टाकीत पाणी किती, प्लंबर खालून कधी येणार, गॅस संपायच्या आत नोंदवला का, हे सगळं मीच बघते. शनिवार-रविवारी पर्यटकांच्या गाड्यांमुळे फाटकाबाहेर पडता येत नाही. बरा दवाखाना घाट उतरून दीड तासावर. आणि दुकानात गेलं की, "काल रात्री उशिरापर्यंत दिवा होता तुमच्याकडे, सगळं ठीक ना?" रविवारी संध्याकाळी शेवटच्या गाड्या उतरून गेल्या की गाव परत आमचं होतं, तेवढे दोन तास मला खरोखर बरं वाटतं. शहरातल्या मैत्रिणींना सांगायला गेले तर म्हणतात, स्वर्गात राहतेस आणि रडतेस? मी कृतघ्न आहे का? परत जाऊ या म्हटलं तर यांचा आनंद हिरावून घेतल्यासारखं होईल. काय करू?

— ढगातली

उत्तर:

ताई,

कृतघ्नपणाचा विषय आधी मिटवून टाकू. स्वर्गाच्या गोष्टी करणाऱ्या मैत्रिणी हवा छान असताना दोन दिवस येतात आणि ओले कपडे पिशवीत कोंबून परत जातात. डोंगर बघणं वेगळं, डोंगरावर घर चालवणं वेगळं. दुसऱ्या कामाचे फोटो कुणी काढत नाही, त्यामुळे ते कुणाला दिसतही नाही.

तुमचं पत्र वाचताना मात्र एक गोष्ट डोळ्यांत भरली. फिरणं त्यांचं, उतरलेला रक्तदाब त्यांचा, पक्षी त्यांचे. बुरशी, टाकी, प्लंबर, गॅस आणि गेलेली वीज तुमची. एकाच छपराखाली तुम्ही दोघं दोन निरनिराळ्या गावांत राहताय. त्यांना डोंगर मिळाला आणि तुमच्याकडे आली त्याची देखभाल. राहावं की जावं असं तुम्ही विचारलंय, पण कामाची वाटणी आत्ता आहे तशी असताना त्याचं जे उत्तर येईल त्यावर माझा भरवसा नाही. अशा स्थितीत कुणालाही कुठलंही गाव सोडावंसंच वाटेल.

पहिलं काम म्हणजे हे पत्र त्यांना वाचायला द्या. माझं उत्तर नंतर, आधी तुमचं पत्र. तीन वर्षांत यातलं निम्मं तरी तुम्ही त्यांच्याशी बोलला असाल का, याची मला शंका आहे. 'त्यांचा आनंद हिरावला जाईल' असं म्हणून तुम्ही त्यांना न विचारताच त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकलंय. शहाण्यासुरत्या, निवृत्त माणसाला बायको आपल्या घरात कंटाळलीय हे कळलं तर आभाळ कोसळत नाही.

आता ओलीबद्दल. बाकीच्या कटकटी येऊन जाऊन असतात, ओल मात्र घरातच मुक्काम ठोकते. हवा वर चढते तशी थंड होत जाते. दर 1000 मीटरला सरासरी साडेसहा अंश. थंड हवेत वाफ मावत नाही आणि तिचा ढग होतो. जो ढग खिडकीशी येतो असं तुम्ही कौतुकाने लिहिलंत, तोच पुढे कपाटात शिरतो. आत स्वयंपाकाची, आंघोळीची, श्वासाची वाफ असतेच. ती घरातल्या सगळ्यात गार पृष्ठभागावर जाऊन बसते. तो पृष्ठभाग म्हणजे बहुतेक वेळा बाहेरच्या भिंतीला घट्ट टेकवलेल्या कपाटाची पाठ, जिथे हवाही खेळत नाही आणि आपली नजरही जात नाही. कपाट वीतभर पुढे ओढा. कपडे झोपायच्या खोलीत दोरीवर वाळत घालत असाल तर ते आजच थांबवा. एका धुण्यातलं लिटर-दोन लिटर पाणी तुम्ही आपल्याच गाद्यांना पाजताय. आणि खिडक्यांची सवय उलटी करा. शहरात आपण कोंदट वाटलं की खिडकी उघडतो. इथे बाहेर ढग असेल तेव्हा सगळं बंद, आणि ऊन पडलं की तासाभरासाठी का होईना घर सताड उघडं. हवेतली आर्द्रता दाखवणारं एक छोटं यंत्र मिळतं, ते आणा. आकडा 60 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीला फारसं बळ येत नाही. चपलांना कपाटात जागा देऊ नका, उघड्या फळीवर राहू द्या.

यातून आणखी एक मुद्दा निघतो. डोंगरात काही अंतरावर हवामान पार बदलतं. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून जेमतेम वीस किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्माही नाही, कारण ढग आधी पश्चिमेच्या कड्यावर रिते होतात. गावातल्या गावातही असंच असतं. आपल्या गोलार्धात दक्षिणेकडे उतरणाऱ्या वस्तीला थंडीत जास्त ऊन मिळतं, उत्तरेकडच्या घरांची भिंत दुपारपर्यंत गार राहते. अगदी दरीच्या तळाशी घर असेल तर रात्री वरची जड, थंड हवा घरंगळत येऊन तिथेच साचते, म्हणून तळापेक्षा थोडं वरचं घर पहाटे उबदार असतं. तुमचं घर कुठल्या अंगाला आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत. पण गाव सोडायचा विचार करण्याआधी त्याच गावातली दुसरी बाजू एकदा बघून या. विकत घ्यायच्या भरीला पडू नका, भाड्याचं बघा, आणि बघायचं ते भर पावसात. कोरड्या दिवशी सगळीच घरं चांगली असतात.

नेटचं दुखणं सोपं आहे. राउटरला वीज फारच थोडी लागते. त्याच्यापुरता छोटा यूपीएस आणि लॅपटॉपची बॅटरी यावर काही तास निघतात. दुसरी जोडणी वेगळ्या कंपनीची असू द्या, कारण एकाच खांबावरून आलेल्या दोन तारा एकाच फांदीखाली तुटतात. वीज बराच वेळ गेली की मोबाइलच्या टॉवरची बॅटरीही संपते, त्यामुळे महत्त्वाचं काम पाठवायचं तर वीज गेल्यावर पहिल्या तासात पाठवून मोकळं व्हा. विजा कडाडत असतील तेव्हा सगळ्या पिना काढून ठेवा. याहून जास्त या विषयावर लिहिण्यासारखं काही नाही.

दवाखान्याबद्दल मात्र जास्त लिहिणार आहे. पत्रात तुम्ही तो पर्यटकांच्या आणि दुकानातल्या चौकशीच्या मध्ये घातलाय, तो एकटा वेगळा काढायला हवा. मेंदूत गुठळी होऊन पक्षाघात झाला, तर गुठळी विरघळवणारं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी स्कॅन करावा लागतो. दीड तासाचा घाट, गाडी मिळेपर्यंत अर्धा तास, रविवारची कोंडी, झालंच तर दरड. यात तो वेळ बघता बघता जातो. तुमच्या यजमानांचा रक्तदाब आता आटोक्यात आहे, पण होता हे विसरू नका. स्कॅनची सोय नेमकी कुठल्या रुग्णालयात आहे, रात्री कुणाची गाडी आणि कुणाचा हात घाटात पक्का आहे, मुख्य रस्ता बंद असेल तर दुसरा कुठून उतरतो, हे एका कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवा. रोजच्या गोळ्यांचा महिनाभराचा साठा घरात हवा. हे सगळं करूनही तुम्हाला रात्री झोप लागत नसेल, किंवा उद्या दोघांपैकी कुणाला वरचेवर उपचार लागणार असतील, तर खाली उतरायला तेवढं कारण पुरे आहे. त्याबद्दल कुणी कृतघ्न म्हणालं तर म्हणू द्या.

आता वाटणी. तुमचे हे रोज दोन तास डोंगर तुडवतात, डोळे उघडे ठेवून चालतात, वहीत नोंदी करतात. पक्ष्यांच्या त्याच वहीत उताराचं एक पान घालायला सांगा. घरामागच्या संरक्षक भिंतीत पाणी झिरपून बाहेर यावं म्हणून भोकं ठेवलेली असतात. ती माती-पाल्याने बुजली की पाणी भिंतीमागे तुंबतं, त्याचा दाब वाढतो आणि भिंत पोट काढते. पाऊस सुरू व्हायच्या आत ती सळईने मोकळी करायची. जमिनीला किंवा भिंतीला नवी भेग दिसली तर तिच्या दोन्ही कडांना खडूने खूण करून तारीख घालायची, म्हणजे ती रुंदावतेय का ते कळतं. खांब किंवा झाडं कलू लागली, कालपर्यंत नीट लागणारं दार अडकायला लागलं, नितळ झरा अचानक गढूळ वाहू लागला, तर पक्षी राहू देत, आधी घर रिकामं करायचं आणि गावात सांगायचं. जोशीमठमध्ये जानेवारी 2023 मध्ये शेकडो घरांना तडे गेल्यावर सगळ्या देशाचं लक्ष गेलं. तिथल्या लोकांना त्याआधीच भेगा दिसत होत्या आणि ते सांगतही होते. डोंगरावर राहायचं तर हे बघत राहणं हा राहण्याचाच भाग आहे. त्याची जबाबदारी, ज्याला डोंगर सगळ्यात जास्त आवडतो त्याने घ्यावी, हे मला न्यायाचं वाटतं.

टाकी, प्लंबर आणि गॅसही त्यांच्याकडेच जाऊ द्या. पुढचा पूर्ण ओला हंगाम. आठवण करायची नाही, 'बघितलं का' विचारायचं नाही. एखाद्या सकाळी टाकी रिकामी निघेल. निघू दे. नळ कोरडा असताना फिरून घामेजून आलेला माणूस जे शिकतो ते तुमच्या दहा वेळा सांगण्याने शिकत नाही. (कुकरचं मात्र दोघांनीही लक्षात ठेवा: दर तीनशे मीटरला पाणी सुमारे एक अंश कमी तापमानाला उकळतं, म्हणून वर उघड्या पातेल्यात कडधान्य शिजता शिजत नाही. त्यात तुमचं काही चुकत नाही.)

पर्यटकांबद्दल तुमचा राग मला कळतो, पण तो पूर्ण मान्य नाही. ऑस्ट्रियात हालश्टाट नावाचं तळ्याकाठचं डोंगरी गाव आहे. वस्ती साधारण साडेसातशेची आणि गर्दीच्या दिवशी पर्यटक दहा हजारांपर्यंत. 2023 मध्ये तिथे फोटोची जागा अडवायला लाकडी फळ्यांचं कुंपण घातलं. ओरड झाली, काढलं. मग त्याच वर्षी रहिवासी फलक घेऊन रस्त्यावर आले. 2018च्या उन्हाळ्यात शिमल्यातले नळ आटले आणि माणसं रात्री टँकरपुढे रांगा लावून उभी राहिली. म्हणजे तुमची तक्रार खोटी नाही. पण स्वित्झर्लंडमध्ये 2012 साली लोकांनी मत देऊन ठरवलं की एखाद्या गावातल्या घरांपैकी वीस टक्क्यांहून जास्त घरं सुट्टीपुरती असू नयेत, ते ज्यांना उद्देशून होतं त्यांच्यात तुम्ही-आम्ही बसतो. खालून पैसे घेऊन आलेल्या माणसाने घर घेतलं की गावातल्या तरुणाला ते परवडेनासं होतं. तुम्ही बारा महिने राहता, म्हणून तुमचं पारडं जरा बरं. पण फाटकाबाहेर हॉर्न वाजवणाऱ्या माणसावर गावातली किती घरं चालतात तेही एकदा मोजून बघा.

मोजायचं तुम्हाला जमतं, तुमचा तो धंदाच आहे. तुमचं काम वेळेला बांधलेलं नसावं असं दिसतं, मग आठवडाच फिरवून घ्या. शनिवार-रविवार कामाचे, सोमवार सुट्टीचा. बाजारहाट, बँक, घाट उतरणं सगळं सोमवार-मंगळवारी. डोंगरावरचे बरेच जुने रहिवासी असंच करतात. खाली उतरताना जितका उतार तितका खालचा गिअर, ब्रेकवर पाय दाबून ठेवायचा नाही, आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. निदान तुमच्यामुळे तरी कोंडी व्हायला नको.

राहिला तो दिवा. 'उशिरापर्यंत दिवा होता' हे ऐकून तुमचा जीव गुदमरला असेल, आणि शहरातून आलेल्या कुणाचाही गुदमरेल. तिथे शेजारी मेला तरी पेपरात वाचून कळतं, ती एक प्रकारची मोकळीकच असते. इथे ती नाही आणि कधी मिळणारही नाही. लहान गावात माहितीची भूक असतेच. तुम्ही काही दिलं नाहीत तर लोक स्वतः रचतात. म्हणून आपणच थोडं सांगत जावं, कुठलं सांगायचं ते आपण निवडून. "वर्षअखेरीची कामं आहेत हो, रात्र रात्र जागते" एवढं सांगितलंत की महिनाभर त्या दिव्याला कारण मिळेल. तोच दुकानदार एखाद्या दिवशी दिवा लागला नाही म्हणूनही दार वाजवेल. यजमान फिरायला गेलेले आणि तुम्ही न्हाणीघरात पाय घसरून पडलेल्या, अशा वेळी ही चौकशी तुम्हाला भारी वाटणार नाही.

तीन वर्षांत तुम्हाला गावात स्वतःची एकही ओळख मिळालेली नाही, हे मला ओलीपेक्षा जास्त खुपलं. तुमचं काम खालच्या लोकांचं, मैत्रिणी खालच्या. वर तुम्ही फक्त 'त्या फिरायला जाणाऱ्यांच्या बाई' आहात. पर्यटकांवर चालणाऱ्या गावात हिशेबाची वही कुणाची धड नसते. एक-दोन लहान राहत्या जागांचे किंवा दुकानांचे हिशेब घ्या. फुकट करू नका. लहान गावात फुकटाची बातमी सगळ्यांत आधी पसरते, आणि मग नाही म्हणता येत नाही. आणि एकाचा आकडा दुसऱ्याकडे चुकूनही बोलायचा नाही; शहरात त्याने गिऱ्हाईक जातं, इथे गाव जातं.

तुमच्या पत्रात तुमचा स्वतःचा म्हणावा असा एकच आनंद आहे. रविवारी संध्याकाळी गाड्या उतरून गेल्यावर गाव परत आपलं होतं, तो. हा पाहुण्याला मिळूच शकत नाही, त्यासाठी मागे राहावं लागतं. म्हणून तुमचं सगळं संपलंय असं मला वाटत नाही. ते दोन तास घरात घालवू नका. तेव्हा तुम्ही दोघं फिरायला जा, त्यांच्या पहाटेच्या वेगाने नाही, तुमच्या.

आणि राहायचं म्हणजे बारा महिने राहायचं, असं कुणी सांगितलं? डोंगरातली माणसं स्वतः तसं राहत आली नाहीत. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ थंडीत कळप घेऊन खाली येतात, आल्प्समध्ये उंच कुरणांवरची गुरं शरदात उतरवतात. केदारनाथाची मूर्तीसुद्धा थंडीचे सहा महिने पालखीत बसून उखीमठला मुक्कामाला येते. देवाला जे चालतं ते तुम्हाला का चालू नये? सगळ्यात वाईट दोन महिने तुम्ही मुलीकडे किंवा खाली एखादी खोली घेऊन काढले आणि हे वर राहिले, तर तुमचा संसार मोडत नाही. टाकी त्यांच्याकडे सोपवलेलीच असेल.

ओला हंगाम असा काढा आणि निर्णय तो संपल्यावर लगेच घ्या, अंगणात चिखल असतानाच. नंतरचे निळ्या आभाळाचे महिने साक्षीला बोलवू नका, ते पक्षपाती असतात. तेव्हाही जावंसं वाटलं, तर दोघांनी मिळून जा. पहाटे फिरायची आणि पक्षी बघायची सवय लागलेला माणूस खालीही फिरेल.

एक राहिलंच. ओल खेचणारं डीह्युमिडिफायर यंत्र घ्यायचा विचार करत असाल, तर कॉम्प्रेसरवर चालणारं यंत्र थंडीत, पंधरा अंशांच्या खाली, फारसं काम करत नाही. गार घराला ओलावा शोषणाऱ्या द्रव्यावर चालणारं जास्त उपयोगी, जरी वीज थोडी जास्त खात असलं तरी. आणि पाणी आपोआप बाहेर सोडणारी नळी असलेलं बघून घ्या. नाहीतर त्याची टाकी दिवसातून दोनदा रिकामी करायचं काम कुणाच्या गळ्यात पडेल, ते तुम्हाला सांगायला नकोच.